स्वतःचा मेंदू बघायचाय, पण कितीत?

पत्र

नमस्कार मॅडम. माझं वय ३८. कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं छोटं मशीन शॉप आहे. दोन लेथ आणि एक ग्राइंडर. शिक्षण आयटीआय. गेल्या वर्षी आईला चक्कर यायची म्हणून तिच्या मेंदूचा एमआरआय काढला. देवाच्या दयेनं काही निघालं नाही. पण त्या फिल्म मी घरी आल्यावर खिडकीच्या उजेडाला धरून बघितल्या आणि तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात बसलीय, मला माझा स्वतःचा मेंदू बघायचाय. त्रास काही नाही. नुसतं कुतूहल. जवळच्या सेंटरवर विचारलं तर त्यांनी सहा हजार सांगितले आणि डॉक्टरांची चिठ्ठी मागितली. एक मित्र म्हणतो सीटी काढ, निम्म्यात होतो. दुसरा म्हणतो सरकारी दवाखान्यात जा आणि डोकं दुखतंय म्हणून सांग. बायको म्हणते, सहा हजार वर आलेत का, पोरीच्या क्लासची फी भरायचीय. स्वस्तात कसा काढता येईल? आणि त्यात माझी बुद्धी, स्मरणशक्ती, विचार करताना कुठला भाग चालतो, हे दिसेल का? वेडेपणा वाटत असेल तर तसंही सांगा.

— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर

तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते. यात वेडेपणा काहीही नाही. गेली बावीस वर्षं लोकांचे मेंदू पडद्यावर वाचणं हेच माझं काम आहे, आणि माझा स्वतःचा पहिल्यांदा समोर आला त्या दिवशी मी दुपारचं जेवण विसरले होते. शिकत असताना आमच्याकडे नवीन मशीन बसलं होतं. चित्र नीट येतंय का ते बघायला कुणीतरी आत झोपणं भाग होतं, मी झोपले. आपण ज्यानं बघतो तेच आपल्याला दिसतंय, हा अनुभव वेगळाच असतो. त्यामुळे तुमची इच्छा मला पुरती कळते. त्या दिवशी अजूनही एक गोष्ट घडली, ती पुढे सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर त्यात आहे.

त्याआधी एक निकडीची गोष्ट. तुम्ही पत्रात सहज लिहून गेलात, दोन लेथ आणि एक ग्राइंडर. इतक्या वर्षांत डोळ्यात लोखंडाचा कण कधी गेला होता का? गेलाच असेल. ग्राइंडरवर काम करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या डोळ्यात कधीतरी कण जातो. कुणी रुमालाच्या टोकानं काढतो, कुणी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जातो, आणि दोन दिवसांनी विसरून जातो. पण बारीक कण आत रुतून राहिला असेल तर एमआरआयचं मशीन तो विसरत नाही. साध्या १.५ टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचं माप) मशीनचं चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या तीस हजार पटींहून जास्त असतं. डोळ्यातला कण त्यात हलला तर आत रक्तस्राव होऊ शकतो. १९८६ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात अशा एका माणसाची नोंद छापली गेली. त्यानं पूर्वी पत्र्याचं काम केलं होतं, डोळ्यात जेमतेम साडेतीन मिलिमीटरचा तुकडा होता, आणि स्कॅननंतर त्या डोळ्याची दृष्टी गेली. म्हणून कुठंही, कितीही स्वस्तात एमआरआय काढायचा ठरला तरी तुमच्या बाबतीत आधी डोळ्यांच्या खोबणीचा एक्स-रे काढून घ्यायचा. तो थोड्या पैशात होतो. फॉर्म भरताना ‘धातूचं काम करता का’ या प्रश्नापुढे घाईनं ‘नाही’ लिहू नका. आणि सेंटरनं हा प्रश्न विचारलाच नाही, तर तिथून उठून घरी या.

चुंबकाबद्दल मी इतकी आग्रही आहे त्याला कारण आहे. तो बटण दाबून चालू-बंद होत नाही. आतली वेटोळी द्रवरूप हेलियममध्ये, उणे २६९ अंशांच्या आसपास थंड ठेवलेली असतात. रात्री दिवे घालवून सगळे घरी गेले तरी चुंबक जागाच असतो. २०१८ च्या जानेवारीत मुंबईतल्या एका रुग्णालयात ऑक्सिजनचं सिलिंडर घेऊन खोलीत गेलेल्या नातेवाइकाचा जीव गेला, तो चुंबक बंद आहे या समजुतीमुळेच. तुम्ही लोखंडाशी रोज खेळता. खिशातलं पान्याचं बिट, व्हर्नियर, कमरेच्या पट्ट्याचं बक्कल, सगळं बाहेर ठेवून जायचं.

आता मित्रांचे सल्ले. सीटी खरंच स्वस्त पडतो, पण तो एक्स-किरणांवर चालतो. डोक्याच्या एका सीटीत साधारण दोन मिलिसिव्हर्ट इतका किरणोत्सर्ग अंगात जातो. जमीन, हवा, आकाश यांतून आपल्याला वर्षभरात जितका मिळतो, जवळपास तितकाच. डोक्याला मार लागलेल्या किंवा अर्धांगाचा झटका आलेल्या माणसासाठी तो सौदा शंभर टक्के योग्य आहे, कारण पाच मिनिटांत जीव वाचवणारं उत्तर मिळतं. हौसेसाठी नाही. शिवाय तुम्हाला जे बघायचंय ते सीटीत नीट दिसतच नाही. कवटी झकास दिसते, पण आतल्या करड्या आणि पांढऱ्या भागातला फरक धूसर येतो. आईच्या फिल्ममध्ये ज्या वळ्या बघून तुम्ही थबकलात, त्या एमआरआयच्याच.

दुसऱ्या मित्राचं मात्र अजिबात ऐकू नका. सरकारी रुग्णालयातल्या एमआरआयच्या रांगेत फिट येणारी मुलं असतात, ऑपरेशनची तारीख अडकून राहिलेले पेशंट असतात, गडहिंग्लज-चंदगडकडून पहाटेची एसटी धरून आलेली माणसं असतात. तुमची वीस-पंचवीस मिनिटं त्यांच्यातल्या कुणाचा तरी तो दिवस खाणार. आणि खोटं सांगितलेलं तिथंच संपत नाही. ‘डोकेदुखी, चक्कर’ हे शब्द तुमच्या नावापुढे कागदावर चढतात. उद्या आरोग्य विमा घ्यायला गेलात की अर्जात आजवरच्या तक्रारी आणि तपासण्या लिहाव्या लागतात. तेव्हा खरं सांगावं तर हा बनावट आजार आडवा येतो, आणि लपवावं तर क्लेम नाकारायला कंपनीच्या हाती कारण मिळतं.

आता माझी अर्धवट राहिलेली गोष्ट. त्या दिवशी माझ्या मेंदूच्या मधोमध, पिनिअल नावाची तांदळाच्या दाण्याएवढी ग्रंथी असते तिथं, पाण्याची एक छोटी पिशवी दिसली. असली पिशवी कितीतरी निरोगी माणसांत असते. तिचं पुढे काही होत नाही, तिच्यावर काही करायचं नसतं. हे मला पुस्तकातून पाठ होतं. तोच मजकूर मी दुसऱ्यांच्या रिपोर्टमध्ये लिहीत होते आणि त्यांना ‘काळजी करू नका’ म्हणत होते. तरी त्या रात्री मला झोप लागली नाही. पुढच्या वर्षी मी पुन्हा मशीनमध्ये झोपले, नुसतं तिचं माप घ्यायला. त्याच्या पुढच्या वर्षीही. ती तेवढीच होती आणि आजही तेवढीच असणार. पण साधं डोकं दुखलं तरी माझा हात आधी तिथं जातो. ती मला दिसली नसती तर माझ्या आयुष्यात कशाचीही कमतरता नव्हती.

एमआरआयची खरी किंमत ही आहे. काउंटरवर भरायचे सहा हजार हा तिचा छोटा भाग.

आकडे सांगते, म्हणजे मी उगाच घाबरवतेय असं वाटणार नाही. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम शहरात २,००० सर्वसाधारण माणसांचे मेंदू तपासले आणि त्याचे निष्कर्ष २००७ मध्ये छापले. सरासरी वय ६३ च्या आसपास. त्यांतल्या ७.२ टक्के लोकांत मेंदूचा रक्तपुरवठा अडून पूर्वी कधीतरी येऊन गेलेल्या आणि त्यांना कळूनही न आलेल्या छोट्या झटक्यांच्या खुणा होत्या. १.८ टक्के लोकांच्या रक्तवाहिनीवर फुगा होता आणि १.६ टक्क्यांत साधी, म्हणजे कर्करोगाची नसलेली गाठ. दोन वर्षांनी जगभरातल्या १६ अभ्यासांची मोट बांधून जवळपास साडेएकोणीस हजार निरोगी माणसांचा हिशेब मांडला गेला. काहीतरी अनपेक्षित सापडण्याचं प्रमाण निघालं ३७ माणसांमागे एक, आणि त्यात वयानुसार येणारे बारीक पांढरे ठिपके धरलेलेसुद्धा नव्हते. तुम्ही ३८ चे आहात, तुमची शक्यता रॉटरडॅमच्या म्हाताऱ्यांपेक्षा कमी. पण शून्य नाही. शिवाय आपल्याकडे आणखी एक गोष्ट हमखास भेटते. फीतकृमीच्या (टेपवर्मच्या) अळीनं कधीकाळी मेंदूत घर केलेलं असतं, शरीरानं तिचा बंदोबस्त केलेला असतो, आणि चुन्याचा एक वाळका ठिपका तेवढा मागे उरलेला असतो. माणसाला पत्ताच नसतो.

समजा, तुमच्या बाबतीत रक्तवाहिनीवरचा छोटा फुगा निघाला. चार मिलिमीटरचा. असले फुगे बहुतेक जन्मभर फुटत नाहीत. बंद करायचा तर मांडीतून तार घालून किंवा कवटी उघडून करावा लागतो, आणि त्या उपचारालाही स्वतःचा धोका आहे. म्हणून डॉक्टर सांगतील, नुसतं लक्ष ठेवू, वर्षानं परत फोटो काढू. मग दर वर्षी तो फोटो, त्याच्या आधीचा आठवडा, जड जॉब उचलताना मनात येणारी शंका, घरातल्यांच्या डोळ्यातली भीती. आणि विमा. २०२४ च्या नियमांनुसार आधीपासूनच्या आजारासाठी विमा कंपनी जास्तीत जास्त तीन वर्षं थांबायला लावू शकते. तोवर त्याचा खर्च तुमचा.

हे ऐकून कुणी म्हणेल, पण एखाद्याचा जीवही वाचत असेल की. हो, एखाद्याचा वाचतो, मी बघितलाय. पण तक्रार नसलेल्या माणसांना सरसकट स्कॅन करून एकूण लोकांचं आयुष्य वाढतं, असा पुरावा आजवर कुणी पुढे ठेवलेला नाही. अमेरिकेत श्रीमंत लोकांत संपूर्ण शरीराचा एमआरआय काढायची टूम निघाली तेव्हा तिथल्या रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेनं २०२३ मध्ये हेच जाहीर सांगितलं. ज्यांच्या पोटावर पाय येईल त्यांनीच हे म्हटलंय, म्हणून मला ते वजनदार वाटतं. रॉटरडॅममधले ते न कळलेले झटके रोखायचे तर पहिला उपाय आहे रक्तदाब ताब्यात ठेवणं. तुमचा शेवटचा कधी मोजला होता?

तुम्हाला चित्रात काय दिसेल त्याबद्दल आता. बुद्धी दिसणार नाही. आइन्स्टाइनचा मेंदू १९५५ मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर काढून तोलला गेला, भरला १,२३० ग्रॅम. पुरुषांची सरासरी तेराशे-चौदाशेच्या घरात आहे. मी बावीस वर्षांत प्राध्यापकांचे आणि शेतमजुरांचे मेंदू शेजारीशेजारी लावून बघितलेत. नाव झाकलं तर कोणता कुणाचा ते मला ओळखता येणार नाही. स्मरणशक्तीशी संबंधित भाग दिसेल, दोन्ही कानांच्या आतल्या बाजूला, समुद्रघोड्यासारख्या वळणाचा. पण त्यावरून तुमचे पाढे किती पक्के आहेत हे सांगता येत नाही.

विचार करताना कुठला भाग चालतो, हे बघायचं तंत्र वेगळं, त्याला फंक्शनल एमआरआय म्हणतात. काम करणाऱ्या भागात ऑक्सिजन भरलेलं रक्त जास्त येतं आणि त्यानं सिग्नल किंचित बदलतो. सेइजी ओगावा या जपानी शास्त्रज्ञानं १९९० मध्ये हे दाखवून दिलं. आपल्याकडे ते मुख्यतः संशोधनात आणि गाठीच्या ऑपरेशनआधी वापरतात, जिभेचा किंवा हाताचा भाग कापला जाऊ नये म्हणून. त्यातले रंगीत डाग कॅमेऱ्यानं टिपलेले नसतात, गणितानं काढलेले असतात. २००९ मध्ये काही संशोधकांनी मेलेला सामन मासा मशीनमध्ये ठेवला, त्याला माणसांची छायाचित्रं ‘दाखवली’, आणि हिशेबात आवश्यक ती दुरुस्ती न करता बघितलं तर मेलेल्या माशाच्या मेंदूतही डाग उमटले. दुरुस्ती केली, डाग गेले. ‘तुमचा प्रेमाचा भाग इथं पेटला’ असलं रंगीत चित्र कुणी विकायला आलं तर हा मासा आठवा.

तर मग तुम्ही काय करावं. माझं स्पष्ट मत: या महिन्यात पोरीच्या क्लासची फी भरा. त्यात वाद नको. आणि फुकट जे मिळतं तिथून सुरू करा. थ्री-डी स्लायसर नावाचं सॉफ्टवेअर आहे, संशोधक वापरतात ते, पैसे लागत नाहीत. त्यात सरावासाठी दिलेल्या नमुन्यांत एका माणसाच्या डोक्याचा पूर्ण एमआरआय असतो. तो उघडा. वरून, समोरून, बाजूनं कापून बघा, फिरवा, कातडी सोलून आतलं दाखवायला सांगा. ड्रॉइंगमधला सेक्शन वाचायची तुम्हाला सवय आहे, म्हणजे अर्धी लढाई जिंकलेलीच आहे. लेकीला शेजारी घ्या. पंधरा दिवस हा नाद करून बघा. कितीतरी लोकांची तहान इथंच भागते, कारण त्यांना मुळात मेंदू बघायचा असतो, स्वतःचा किंवा दुसऱ्याचा यानं फारसं अडत नाही.

दुसरी जागा बेंगळूर. तिथल्या निमहान्समध्ये, म्हणजे मन आणि मेंदूच्या आजारांच्या राष्ट्रीय संस्थेत, मेंदूचं संग्रहालय आहे. बरण्यांमध्ये जतन केलेले खरे मेंदू बघायला मिळतात, आणि हातमोजे घालून एखादा हातात घेताही येतो. संग्रहालय ठरावीक दिवशीच उघडं असतं, फोन करून जा. फिल्मवरचा मेंदू आणि तळहातावर टेकलेलं ते वजन, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

तिसरा मार्ग स्वयंसेवक होण्याचा. मेंदूवर संशोधन करणाऱ्या संस्थांना निरोगी माणसं हवीच असतात, आणि तिथं स्कॅन फुकट होतो. बेंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारातलं सेंटर फॉर ब्रेन रिसर्च कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपूरच्या गावकऱ्यांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतंय. पण ते ४५ च्या पुढच्यांना घेतात, तुमचा नंबर लागायला वेळ आहे. लहान प्रयोगांना तरुण माणसंही लागतात, त्यासाठी विद्यापीठांत आणि आयआयटींत मेंदूविज्ञानावर काम करणाऱ्यांना पत्र टाकून ठेवा. संमतीपत्र तुमच्या भाषेत वाचून घ्या आणि एक प्रश्न नक्की विचारा: काही निघालं तर मला कळवणार का, आणि कोण कळवणार? ब्रिटनमध्ये २०१४ पासून एक लाख स्वयंसेवकांचे स्कॅन केले गेले. तिथला नियम असा, की तंत्रज्ञाला ओघात काही गंभीर दिसलं तरच कळवायचं, बाकी निकाल द्यायचे नाहीत. लोक ते आधी वाचून, मान्य करून आत झोपले. तुम्हालाही आत जाण्याआधी हे ठरवता आलं पाहिजे.

आणि एवढं सगळं करूनही सहा महिन्यांनी तुम्हाला तुमचाच मेंदू बघायचा असेल, तर काढा. मी अडवणार नाही. पैसे साठवा, बायकोला विश्वासात घ्या, निघालंच काही तर तिलाही ते वाहायचंय. ओळखीच्या डॉक्टरांना खरं कारण सांगून चिठ्ठी मागा. दोन-तीन सेंटरचे दर विचारा. धर्मादाय ट्रस्टच्या रुग्णालयांत बऱ्याचदा कमी असतात आणि काही सेंटर रात्रीच्या वेळेला सवलत देतात. स्वस्त म्हणून कमी ताकदीच्या उघड्या मशीनकडे वळू नका, चित्र खरखरीत येतं. १.५ टेस्ला पुरेसं आहे. कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन घेऊ नका. गॅडोलिनियम नावाचा धातू असतो त्यात, आणि विनाकारण ते टोचून घेण्याला काही अर्थ नाही.

आता जे फारसं कुणी सांगत नाही ते सांगते. नेहमीच्या स्कॅनमध्ये काप पाच मिलिमीटर जाड असतात. निदानाला ते पुरतात, पण कॉम्प्युटरवर फिरवून बघायला गेलात की मेंदूच्या पायऱ्या दिसतात. म्हणून टेक्निशियनला आधीच विनंती करा, ‘थ्री-डी टी-वन’ हा एक सिक्वेन्स (चित्र घ्यायचा एक प्रकार), एक मिलिमीटरचा, तेवढा जादा घ्या. त्याला पाचेक मिनिटं लागतात. आणि फिल्मऐवजी डायकॉम फाइल, म्हणजे स्कॅनची मूळ डिजिटल फाइल, सीडीवर किंवा पेन ड्राइव्हवर मागा. फिल्मचे पैसे वाचले तर तेवढेच वाचले.

आत गेल्यावर ठोकल्यासारखा मोठा आवाज येईल. कानात बोळे देतील, ते नीट बसवून घ्या. चुंबकाच्या आत आणखी काही वेटोळी असतात, त्यांतला प्रवाह सेकंदाला शेकडो वेळा बदलतो आणि चुंबकीय क्षेत्राच्या रेट्यानं ती थरथरतात, त्याचा तो आवाज. लेथच्या चटरला, हत्यार थरथरल्याच्या आवाजाला, ओळखणाऱ्या माणसाला पाच मिनिटांत त्यातले ताल वेगळे ऐकू येतील.

फाइल घरी आणली की पहिल्यांदा कुठं बघायचं तेही सांगून ठेवते. स्लायसरमधल्या त्या नमुन्यातही हे शोधता येईल. वरून कापलेलं चित्र घ्या आणि टाळूकडून हळूहळू खाली या. मेंदूला आडवी जाणारी एक खोल घळ दिसेल, तिच्या पुढची वळी शरीर हलवते. त्या वळीवर एके जागी मागच्या बाजूला फुगलेला भाग असतो, अगदी दाराच्या मुठीसारखा. तो हाताचा भाग. चित्रात उजवं-डावं उलटं असतं, म्हणजे तुम्ही उजव्या हातानं काम करत असाल तर तुमची मूठ डाव्या मेंदूत आणि पडद्यावर उजवीकडे सापडेल. लेथचं हँडल फिरवताना कटाला किती दाब द्यायचा, ते हुकूम तिथून सुटतात.